लिअरच्या गादीवर कोण कोण बसले

1974 साली अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर एक 'किंग लिअर' दाखवला गेला. राजा कृष्णवर्णीय आणि त्याच्या तिन्ही मुलीही कृष्णवर्णीय. आदल्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात, डेलाकोर्ट नावाच्या उघड्या नाट्यगृहात जोसेफ पॅप यांच्या संस्थेने हे नाटक केले होते आणि समोर प्रेक्षक बसलेले असतानाच ते चित्रित झाले होते. दिग्दर्शक एडविन शेरिन. लिअर होते जेम्स अर्ल जोन्स, तेव्हा वय अवघे 42.

'काळ्या नटांनी केलेला शेक्सपिअर' एवढी चिठ्ठी डकवून या प्रयोगाची बोळवण करता येते, आणि बरेच जण तसे करतातही. मला ते पटत नाही. या लिअरचे घराणे मोठे आहे. त्याची एक शाखा गिरगाव-नाशिकहून निघून आमच्या मध्य प्रदेशापर्यंत येते. मराठी माणसाला लिअर म्हटले की 'नटसम्राट' नाटकातले अप्पा बेलवलकर आठवतात, त्यामुळे ही वंशावळ परक्याची म्हणून वाचायचे कारण नाही.

मुळात शेक्सपिअरचा लिअरही पहिला नव्हे. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास लिहिला, त्यात मुलींमध्ये राज्य वाटून टाकणारा हा म्हातारा आहे. शेक्सपिअरच्या आधी लंडनमध्ये याच राजावर एक नाटक होऊन गेले होते आणि त्यात शेवटी राजाला राज्य परत मिळत होते. शेक्सपिअरने 1605-06 च्या सुमारास ते मोडले, नव्याने बांधले आणि शेवट असा केला की पुढच्या पिढ्यांना तो सोसवेना. 1681 मध्ये नेहम टेट या कवीने पुन्हा गोड शेवट लावला: धाकटी मुलगी कॉर्डेलिया जगते, एडगरशी तिचे लग्न लागते, म्हातारा सुखात राहतो. दीडशे वर्षे इंग्रज प्रेक्षक हेच गोड नाटक लिअर म्हणून पाहत होता. मध्यंतरी तिसऱ्या जॉर्ज राजाला वेड लागले, तेव्हा वेड्या राजाचे हे नाटक रंगभूमीवरून गुपचूप बाजूलाच ठेवले गेले. तेव्हा 'मूळ नाटक बाटवले' ही तक्रार कुणी करत असेल तर त्याने आधी कोणते मूळ ते सांगावे.

या घराण्यातला माझ्या मते सगळ्यात विलक्षण पुरुष म्हणजे आयरा ऑल्ड्रिज. जन्म न्यूयॉर्कचा, 1807 चा. त्या शहरात 1821 च्या सुमारास कृष्णवर्णीयांनी स्वतःचे नाटकघर काढून 'तिसरा रिचर्ड' करून दाखवला होता. गोऱ्या दंगेखोरांनी आणि पोलिसांनी मिळून ते चालू दिले नाही. तिथे आपल्याला भवितव्य नाही हे ओळखून ऑल्ड्रिज सतराव्या वर्षी इंग्लंडला गेला. 1833 च्या मार्चमध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एडमंड कीन हा त्या काळचा सर्वात मोठा नट ऑथेल्लोचे काम करता करता रंगमंचावरच कोसळला. एप्रिलमध्ये त्याच जागी, त्याच भूमिकेत ऑल्ड्रिज उभा राहिला. गुलामगिरी रद्द करायची की नाही यावर तेव्हा पार्लमेंटात वाद पेटलेला होता. वर्तमानपत्रे तुटून पडली. डेस्डेमोनाचे काम करणाऱ्या गोऱ्या नटीला एका काळ्या माणसाने हात लावावा, यावरच काहींचा सगळा संताप. दोन प्रयोगांत गाशा गुंडाळावा लागला.

मग त्याने गावोगाव नाटके केली. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडची छोटी शहरे, आणि 1852 पासून युरोप. फिरत्या नटाला रोज ऑथेल्लो करून भागत नाही. त्याच त्या गावात चार रात्री राहायचे तर चार नाटके लागतात. म्हणून ऑल्ड्रिज शायलॉक करू लागला, मॅकबेथ करू लागला आणि लिअरही. पण लिअरसाठी तो तोंड गोरे रंगवायचा.

1858 च्या हिवाळ्यात सेंट पीटर्सबर्गला फ्रेंच लेखक थिओफील गोतिए याने त्याचा लिअर पाहिला. त्याने त्या रंगभूषेचे वर्णन लिहून ठेवले आहे. डोक्यावर कातडीच्या रंगाचे टोपडे, ते भुवयांपर्यंत खाली ओढलेले, त्यातून लोंबणाऱ्या चंदेरी बटा. नाकाला उंची यावी म्हणून मेण लावलेले. गालांवर रंगाचा जाड थर आणि उरलेला चेहरा झाकून टाकणारी मोठी पांढरी दाढी. एवढ्या सामानाखाली दबूनही तो माणूस वेडा राजा उभा करायचा आणि रशियन प्रेक्षक रडायचा. नट इंग्रजीत बोलतोय, बाकीची मंडळी भलत्याच भाषेत उत्तर देताहेत, असेही त्याचे प्रयोग व्हायचे.

ते नाकावरचे मेण माझ्या डोक्यातून जात नाही. स्त्रीपार्टी नटांची परंपरा आपण पाहिलेली, त्यामुळे रंगरंगोटीचे आपल्याला वावडे नाही. बालगंधर्वांनी शालू नेसला तर लोकांनी डोक्यावर घेतले. पण 'तुझा मूळ चेहरा या रंगमंचाला चालणार नाही' असे त्यांना कुणी बजावलेले नव्हते. ऑल्ड्रिजला बजावलेले होते, आणि तरी त्याने त्या रंगाच्या थराखालून राजाची गादी मिळवली. त्याला लाचारी म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. तो दौऱ्यावर असतानाच पोलंडमधल्या वुच शहरात 7 ऑगस्ट 1867 ला गेला. तिथेच त्याला पुरले.

त्याच 1867 साली महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' मराठीत छापून आला. शेक्सपिअरचे अख्खे नाटक मराठीत आले ते हे पहिले. जगाच्या एका टोकाला एक ऑथेल्लो मातीत जातो आणि दुसऱ्या टोकाला एक जन्म घेतो, हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण वंशावळ लिहिणाऱ्याला असा योगायोग टाळवत नाही.

पुढचा मराठी इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून पटकन सांगतो. 1881 मध्ये शंकर मोरो रानड्यांनी लिअरवरून 'अतिपीडचरित' लिहिले. आगरकरांनी हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले. देवलांचा 'झुंजारराव' 1890 चा. त्यात ऑथेल्लोचा झुंजारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी हॅम्लेट करायचे आणि महाराष्ट्र वेडा व्हायचा.

इथे एक गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. हॅम्लेटचे काम मराठी नट करतोय याबद्दल पुण्यात कुणी हूं की चूं केले नाही. ऑल्ड्रिजला ज्यासाठी शिव्या बसल्या तेच आपले नट नाकाला मेण न लावता करत होते, कारण समोर बसलेला प्रेक्षक त्यांच्याच रंगाचा होता. प्रश्न नटाच्या कातडीचा नव्हताच; तिकीट कोणाचे आणि थिएटर कोणाचे, हा होता. इंग्रजांच्या थिएटरात पाऊल टाकले की लगेच फरक पडायचा. 1848 साली कलकत्त्याच्या सां सूसी थिएटरात वैष्णवचरण आढ्य नावाच्या बंगाली तरुणाने इंग्रज नटांबरोबर ऑथेल्लो केला, तेव्हा इंग्रजी पत्रांना त्याच्या अभिनयापेक्षा त्याच्या न रंगवलेल्या चेहऱ्याचेच अप्रूप होते.

आता वंशावळीतली एक गाठ, जी मला फार आवडते. हर्बर्ट मार्शल नावाचा एक इंग्रज दिग्दर्शक होता. तिशीच्या दशकात तो मॉस्कोला आयझेन्स्टाइनकडे सिनेमा शिकला. लंडनला परतल्यावर युनिटी थिएटर या कामगारांच्या नाटकमंडळीत त्याने पॉल रोब्सनला घेऊन नाटक बसवले. हे तेच रोब्सन, ज्यांनी पुढे 1943 मध्ये ब्रॉडवेवर ऑथेल्लो केला आणि ज्यांचा तो प्रयोग 296 वेळा झाला. रोब्सनच्या 'द प्राउड व्हॅली' या चित्रपटाची कथाही मार्शल आणि त्याची बायको फ्रेडा ब्रिलियंट या दोघांची. फ्रेडा शिल्पकार, लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकातला मांडी घालून बसलेला गांधीजींचा पुतळा तिचाच.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे जोडपे भारतात होते. त्या काळात गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाने मार्शलला दिग्दर्शनासाठी बोलावले. नाटक होते नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट', म्हणजे मॅकबेथ. साल 1954. मॅकबेथच्या भूमिकेत नानासाहेब फाटक, लेडी मॅकबेथच्या भूमिकेत दुर्गा खोटे. आणि 1958 मध्ये याच हर्बर्ट मार्शलने मिल्ड्रेड स्टॉक या बाईंबरोबर आयरा ऑल्ड्रिजचे पहिले मोठे चरित्र प्रसिद्ध केले. विस्मरणात गेलेल्या त्या नटाला पुन्हा जगापुढे आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या पुस्तकाचे. गिरगावात नानासाहेबांना राजाचे काम शिकवणारा माणूस आणि ऑल्ड्रिजला विस्मृतीतून वर काढणारा माणूस एकच.

मार्शलने फाटकांना किंवा शिरवाडकरांना ऑल्ड्रिजची गोष्ट सांगितली असेल की नाही यावर मी अंदाज करत बसत नाही. पण पुढे घडले ते असे: नानासाहेब फाटकांना लिअर करायचा होता. त्यांनी शिरवाडकरांकडे लिअरच्या मराठी रूपांतराचा आग्रह धरला. शिरवाडकर त्या विचाराला लागले आणि रूपांतर राहिले बाजूला, 'नटसम्राट' जन्माला आला. 23 डिसेंबर 1970 ला मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागृहात पहिला प्रयोग झाला. संस्था गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, अप्पा म्हणून डॉ. श्रीराम लागू आणि कावेरी म्हणून शांता जोग. 1974 मध्ये नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ज्या वर्षी अमेरिकेत जोन्सचा लिअर टीव्हीवर आला आणि विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर'ही प्रसिद्ध झाला. लिअरला ते साल चांगले गेले म्हणायचे.

शिरवाडकरांनी काय काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. ग्लॉस्टर हा सरदार आणि त्याच्या दोन मुलांचे अख्खे उपकथानक गेले. राजाच्या जागी निवृत्त नट आला. राज्य म्हणजे आयुष्यभराची कमाई. तीन मुलींच्या जागी एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई. चोरीचा आळ आला, जो राजावर कुणी घेतला नसता. तो मध्यमवर्गीय घरातल्या म्हाताऱ्यावरच येऊ शकतो. आणि घरातून बाहेर पडलेल्या अप्पांना ज्याने आसरा दिला तो फुटपाथवरचा बूटपॉलिशवाला राजा. नाव 'राजा' आहे हे नाट्यवेड्या मंडळींच्या नजरेतून सुटलेले नसणार.

पण सगळ्यात मोठा बदल माझ्या ध्यानात आला तो आत्यामुळे.

आत्याने तरुणपणी लागूंचा नटसम्राट नागपुरात पाहिलेला. जोन्सचा लिअर आम्ही इथे जबलपूरजवळच्या पाटनला, घरच्या टीव्हीला मोबाइल जोडून पाहिला. मटारचा हंगाम होता. बाहेर रस्त्यावरून मंडीकडे जाणाऱ्या गाड्यांचा खडखडाट, आत आत्या मटार सोलतेय आणि पडद्यावर शेक्सपिअरचे इंग्रजी, जे तिला कळत नाही आणि मला अर्धेमुर्धे कळते. पहिल्याच प्रवेशात राजा मुलींना विचारतो, माझ्यावर कुणाचे प्रेम जास्त. थोरल्या दोघी, रोझलिंड कॅश आणि एलेन हॉली, लाघवी बोलतात. धाकटी, ली चेंबरलिन, काही बोलत नाही. आत्याला भाषेची गरज पडली नाही. "धाकटी खरी आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पॉल सोर्विनोचा ग्लॉस्टर आला, गोरा. "हा कोण, ह्याचा व्याही का रे?" मी नाही म्हटले. मग तिने जरा वेळ शेंगा सोलल्या आणि विचारले, "आणि ह्याची सरकार कुठंय?"

'सरकार' म्हणजे कावेरी. अप्पा बायकोला सरकार म्हणतात. लिअरला राणी नाही. तिच्या थडग्याचा एक ओझरता उल्लेख सोडला तर शेक्सपिअर तिच्याविषयी काही सांगत नाही. मुलींना आईच नाही असा सगळा कारभार. चारशे वर्षांत या नाटकावर ढिगाने लिहिले गेले आणि राणीच्या अनुपस्थितीवरही लिहिले गेले असेल, पण शिरवाडकरांनी त्यावर लेख लिहिला नाही, कावेरी लिहिली. नवऱ्याचा उधळा उदारपणा तिला कळतो, अपमान ती आधी ओळखते आणि आधी खचतेही ती. तिच्यामुळे म्हाताऱ्याचा कोप हा एकट्याचा कोप राहत नाही. हे मूळ नाटकात नाही, आणि असते तर बरे झाले असते असे मी बेधडक म्हणेन.

शेवटी लिअर कॉर्डेलियाला उचलून आणतो तो प्रवेश आला तेव्हा आत्याने मटारची परात बाजूला सारली होती. लागूंशी तुलना करायला मी तिला भाग पाडले. "लागू रडवायचे. हा आधी भीती घालतो, मग रडवतो," एवढेच ती म्हणाली. जोन्सच्या रंगाविषयी तिने शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही.

जोन्स हा माणूस मिसिसिपीत जन्मलेला, आजी-आजोबांकडे वाढलेला. लहानपणी इतका तोतरा बोलायचा की कित्येक वर्षे त्याने शाळेत बोलणेच टाकले होते. पुढे त्याच आवाजाने 'स्टार वॉर्स'चा डार्थ व्हेडर आणि 'लायन किंग'चा मुफासा बोलला. सप्टेंबर 2024 मध्ये तो गेला तेव्हा बातम्यांत हे दोन आवाजच आले, लिअर मागे पडला. त्याच्या लिअरच्या नाकाला मेण नाही. दाढी आहे, पण ती पिकलेल्या म्हाताऱ्याची, गोऱ्या माणसाची नव्हे. ऑल्ड्रिज आणि जोन्स यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर नाही, पण जवळजवळ तेवढेच आहे, आणि तेवढ्या काळात फक्त एवढे साधले: तोंड न रंगवता राजा होता येऊ लागले.

हे साधले ते चांगलेच, असे म्हणून मोकळे व्हावे तर ऑगस्ट विल्सन आडवा येतो. अमेरिकेच्या रंगभूमीवर कृष्णवर्णीयांचे शंभर वर्षांचे आयुष्य दहा नाटकांत मांडणारा हा नाटककार. 1996 मध्ये प्रिन्स्टनला केलेल्या भाषणात त्याने स्पष्ट सांगितले की गोऱ्यांच्या नाटकांत काळे नट भरणे हा आमचा मान नाही. आमची नाटके करा, आमच्या नाटकमंडळ्यांना पैसे द्या. त्यावरून मोठे रण माजले. समीक्षक रॉबर्ट ब्रुस्टीनशी त्याचा जाहीर वादविवाद झाला, तोही तिकीट लावून.

विल्सनचे म्हणणे मला निम्मे पटते. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून दाखवणे यात एक परीक्षा दिल्यासारखे असतेच. पण टीव्हीने या वादात एक वेगळाच रस्ता काढला. हॉर्टन फूटचे 'द ट्रिप टू बाउंटिफुल' 1953 मध्ये आधी टीव्हीसाठीच लिहिले गेले, मग रंगभूमीवर गेले, 1985 मध्ये सिनेमा झाले. शहरात मुला-सुनेकडे कोंडलेली म्हातारी मरण्याआधी आपले गाव पाहायला पळून जाते, एवढेच त्याचे कथानक. 2013 मध्ये ब्रॉडवेवर ते कृष्णवर्णीय कुटुंबाला दिले गेले. सिसिली टायसनने त्या म्हातारीसाठी टोनी पुरस्कार मिळवला आणि पुढच्या वर्षी ते तिला घेऊनच टीव्हीवर आले. नाटकाची भाषा तीच, पण टेक्सासमधल्या बसस्टँडवर ती म्हातारी काळी असली की प्रेक्षकाला त्या काळचे वेगळे बाक, वेगळ्या रांगा आपोआप दिसू लागतात. 'स्टील मॅग्नोलियाज'चेही तेच. रॉबर्ट हार्लिंगने मधुमेहाने गेलेल्या बहिणीच्या आठवणीत हे नाटक लिहिले, 1987 मध्ये ते रंगभूमीवर आले, 1989 मध्ये सिनेमा. 2012 मध्ये केनी लिऑनच्या दिग्दर्शनाखाली टीव्हीवर, क्वीन लतिफा, अल्फ्रे वुडर्ड, फिलिशिया रशाद यांना घेऊन. लुइझियानातले तेच ब्युटी पार्लर, फक्त खुर्च्यांवर बसलेल्या बायका दुसऱ्या. लाडक्या नाटकाला हात लावल्याबद्दल रुसलेले प्रेक्षक होतेच. ते कुठे नसतात?

इंग्लंडमध्ये तलावा ही कृष्णवर्णीयांची नाटकमंडळी. तिच्या संस्थापक इव्हॉन ब्रूस्टर यांनी 1994 मध्ये सगळे काळे नट घेऊन लिअर केला. त्याच तलावाने 2016 मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजबरोबर पुन्हा केला, डॉन वॉरिंग्टन लिअर. तो बीबीसीने दाखवला. ऑल्ड्रिजला दोन रात्रींत हाकलणाऱ्या देशाला एवढे करायला 183 वर्षे लागली.

आता आमच्याकडे येऊ. 1817 पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. पुढे 1861 ते 1956 नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात. त्यामुळे इथे मराठी कुटुंबे आली ती कुणी फौजेबरोबर, कुणी कचेरीत, कुणी रेल्वेत, कुणी शाळामास्तर म्हणून. नाटकाची हौस आली ती त्यांच्याबरोबरच. आमच्या मंडळींना 'नटसम्राट' म्हणजे घरचे दैवत. त्यामुळे अप्पा बेलवलकर हिंदीत बोलणार हे कळल्यावर अनेकांची प्रतिक्रिया काय असावी? 'मराठीतली मजा नाही यायची.' न पाहताच.

हा हिंदी 'नटसम्राट' केला जयंत देशमुखांनी आणि अप्पा झाले आलोक चॅटर्जी. आलोकदा आमच्या शेजारच्या दमोह जिल्ह्यातले. भारत भवनच्या रंगमंडळात ब. व. कारंतांच्या हाताखाली तयार झालेले, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इरफान खानच्या वर्गात. मुंबईच्या सिनेमाकडे न जाता ते भोपाळला राहिले, पुढे मध्य प्रदेश नाट्य विद्यालयाचे संचालकही झाले. एका बंगाली घरातला, बुंदेलखंडच्या सीमेवर वाढलेला नट, नाशिकच्या लेखकाने लिहिलेला, लंडनच्या नाटकातून निघालेला मराठी म्हातारा हिंदीत उभा करत होता. जानेवारी 2025 मध्ये ते गेले, तेव्हा मध्य प्रदेशातल्या नाट्यप्रेमींनी त्यांना 'नटसम्राट' म्हणूनच निरोप दिला. ही उपाधी त्यांना हिंदी प्रेक्षकाने दिली, मराठी माणसाला न विचारता. बरे केले.

बाकीच्या शाखा झपाट्याने वाढल्या. 2016 च्या 1 जानेवारीला महेश मांजरेकरांचा चित्रपट आला, नाना पाटेकर आणि विक्रम गोखले. 2018 मध्ये गुजरातीत सिद्धार्थ रांदेरिया, 2023 मध्ये तेलुगूत कृष्णा वंशींचा 'रंगमार्तंड', प्रकाश राज आणि ब्रह्मानंदम. ब्रह्मानंदमसारख्या विनोदी नटाला मरणपंथाला लागलेल्या मित्राचे काम देणे हे धाडस होते आणि ते जमून गेले. मला तो सिनेमा मराठीपेक्षा जास्त भावला असे सांगितले तर आमच्या इथल्या मंडळात माझा चहा बंद होईल.

मराठी रंगभूमीवर मात्र पन्नास वर्षांत काय झाले? लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त, अलीकडे मोहन जोशी. सगळे मोठे नट, ज्याची त्याची लकब वेगळी. पण अप्पा कायम तेच राहिले: संगीत नाटकाच्या आणि शेक्सपिअरच्या छायेत वाढलेले, पांढरपेशा घरातले, शुद्ध बोलणारे. लिअरच्या गादीवर ऑल्ड्रिज बसला, जोन्स बसला, 2016 मध्ये लंडनच्या ओल्ड विकमध्ये ऐंशी वर्षांची ग्लेंडा जॅक्सनही बसली. बेलवलकरांच्या आरामखुर्चीवर आपण अजून पाहुण्याला बसू देत नाही.

खरे तर दुसरे अप्पा शोधायला फार लांब जायला नको. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली तमाशासम्राज्ञी. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई म्हणून जिच्या गोष्टी सांगतात ती. 2002 मध्ये ती गेली तेव्हा इस्पितळाचे बिल भागवायला लोकांच्या मदतीचा हात लागला. तिच्या नावाचा सरकारी पुरस्कार चार वर्षांनी सुरू झाला. ज्या रंगभूमीने 'नटसम्राट' लिहिला तिच्याच शेजारच्या कनातीत हे घडले.

तेव्हा मराठी नाटकमंडळींना विनंती एवढीच: एकदा अप्पांची खुर्ची तमाशाच्या फडात मांडा. अप्पांच्या जागी बाई उभी करा, तिच्या बोलीत बोलू द्या, पोरे पैसे वाटून घेऊ देत, आणि आळ येऊ दे. विल्सनचा आक्षेप असेल तर शिरवाडकरांनी केले तसे नाटकच नवे लिहा, त्याहून उत्तम. पुण्या-मुंबईत लगेच कुणी पुढे आले नाही तर पहिला प्रयोग जबलपूरच्या शहीद स्मारकात लावा. पाटनहून आम्ही येतो; आत्याचे तिकीट मी काढीन.